डाव्या बाजूची मोकळी जागा

आमच्या तंजावूरच्या कॉलेजात मुलींना फुटबॉल शिकवणाऱ्या बाई शिट्टी गळ्यात घालतात, पण वाजवत नाहीत. टाळी वाजवतात. प्रत्येक मुलीला ‘अम्मा’ म्हणतात आणि मला, ऑफिसातल्या कारकुनाला, ‘अण्णा’. बावीस वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही.

परवाच्या सामन्यात आम्ही एका गोलनं पुढं होतो. शेवटची पंधरा मिनिटं उरली असताना डाव्या बाजूला खेळणाऱ्या मुलीचा बाप गावाहून मोपेडवर आला. घरी तिला बघायला पाहुणे येऊन बसले होते. बाईंनी वाद घातला नाही. पंचांना सांगून तिला बाहेर बोलावलं आणि बापाला तमिळमध्ये, आदरानं म्हणाल्या, “बूट काढेपर्यंत बसा, अय्या.”

बदली मुली तीन होत्या. मी कुजबुजलो, “बाई, कोणाला तरी पाठवा.”

“नको, अण्णा.”

सामना हातचा जाईल, हे त्यांना माझ्यापेक्षा नीट कळत होतं.

दहाजणी धावत राहिल्या. चेंडू पुन्हा पुन्हा त्या मोकळ्या जागेतून आमच्या गोलकडे येऊ लागला. मुलीनं एका बुटाची नाडी सोडली होती. दुसरीला ती हातच लावत नव्हती. बाप उठून उभा राहिला.

“तिथं कोणीच नाही का?”

“ती जागा तिची आहे,” बाई म्हणाल्या. त्याच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

पुढचा चेंडू गोलच्या खांबाला लागून परतला. तेव्हा तो माणूस मुलीपुढं गुडघ्यावर बसला आणि सुटलेली नाडी घट्ट बांधू लागला.