आईला बाहेर बसवलं तो तास

सरांनी स्पीकर चालू केला आणि माझ्या आईचा आवाज वर्गभर झाला.

"कोन शे व फोनवर? भाकर खाई ले ना पहिले."

चाळीस पोरंपोरी खो खो हसली. जळगावचा मुलाखतीचा क्लास तो. तिथली पद्धत अशी, की सर आपल्याला घरी फोन लावणार, सरावाची मुलाखत घेणार, रेकॉर्ड करणार आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर वाजवणार. माझी तीनदा वाजवली. तिन्ही वेळा आईपाशीच थांबवली.

"पुण्याच्या कंपनीला हे ऐकू गेलं तर फोन ठेवतील," सर म्हणाले. "आई काय करते?"

"कापूस वेचायला जाते."

"गृहिणी म्हणायचं. आणि कंपनीचा फोन येईल त्या दिवशी तिला घराबाहेर काढायचं."

मी मान डोलावली. वर त्यांना थँक्यू म्हटलं! त्याची लाज मला आजही वाटते.

खऱ्या मुलाखतीच्या दिवशी आमच्या गावी, भडगावला ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. आमचं घर एका खोलीचं. आईला खोकला झालेला, म्हणून ती वेचणीला गेली नव्हती. मीच तिला म्हटलं, "आई, फोन संपेपर्यंत बाहेर बस. खोकू नको." ती पदर सावरत उठली. जाऊन बसली. मी आतून कडी लावली. माझ्या हातानं.

फोन आला. पाठ केलेलं सगळं धडाधड बोलले. पलीकडच्या बाईंनी घरच्यांबद्दल विचारलं. मी म्हटलं, "आई गृहिणी आहे." दार पत्र्याचं. तिला ऐकू गेलं असणारच.

तासाभरानं कडी काढली. आई उन्हात भिंतीला टेकून बसलेली, पदराचा बोळा तोंडात कोंबून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला बघून तिनं बोळा काढला आणि हळूच विचारलं, "आते खोकू का व?"

मला कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. मारायलाच हवं होतं.

पहिल्या फेरीत माझी निवड झाली. सरांनी पेढे मागवले. वर्गाला म्हणाले, "बघा, आईला बाहेर बसवलं, तेव्हा जमलं हिला." टाळ्या पडल्या. याच्यासाठी टाळ्या!

मी उठले. "सर, ते रेकॉर्डिंग पुसा. आत्ता, माझ्यासमोर."

"अगं, गंमत होती ती."

"माझ्या आईची गंमत करायची नाही. पुसा."

"एवढा माज असेल तर जा, कापूस वेच."

पुन्हा सगळे हसले. सरांनी पुसलं नाही. आजही त्यांच्या फोनमध्ये असेल. मी दप्तर उचललं आणि निघाले, पेढा तिथंच ठेवून.

उद्या अकराला दुसऱ्या फेरीचा फोन येणार आहे. नोकरी मला हवीच आहे, खोटं कशाला सांगू. पण सुरुवातीलाच सांगणार आहे, की मागच्या वेळी मी खोटं बोलले. माझी आई कापूस वेचते, आणि आत्ता ती माझ्या शेजारी बसली आहे. हे ऐकून ज्यांना फोन ठेवायचा त्यांनी खुशाल ठेवावा. आईला मी उठवणार नाही.