हात मोकळा कावून?

किस्से गोळा करावे लागत नाहीत. जोंधळे निवडायला बसलं की सुपाच्या कडेला खडे जमतात, तसे ते आपोआप जमतात. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा मामंजी नुकते विसरायला लागले होते. त्याच साली गाठीच्या तापाची साथ आली. मग जमायला काय तोटा!

आमचं घर कासाराचं. निजामाच्या मुलखातल्या शिरूरच्या आसपास गावोगाव फिरून मामंजींनी जन्मभर बायकांना बांगड्या भरल्या. गावात उंदीर पडायला लागले, तसा निजामसरकारचा हुकूम आला: गाव रिकामं करा. सगळे माळावर खोपट्या घालून राहिलो. गावात पाऊल टाकायला बंदी. आणि मामंजींना रोज गावातच जायचं असायचं. बाजार भरलाय म्हणे!

नवी सून सासऱ्यासमोर बोलत नाही. मामंजी रोज विचारायचे, "तू कुणाची गं, बाई?" मी पदर ओढून आमच्या ह्यांच्याकडे बोट दाखवायची. एक दिवस ते सासूबाईंना म्हणाले, "पोरगी गुणाची हाय. पण मुकी दिली की गं आपल्याला!" आणि आपल्या ताटातली अर्धी भाकरी त्यांनी मला दिली.

मग एकदा सगळे सरपणाला गेलेले, आणि मामंजी तरातरा गावाकडे निघाले. मी काय करणार? ओरडले, "मामंजी, थांबा!"

ते गर्रकन वळले. गाव राहिलं बाजूला! धावत परत आले आणि खोपटी-खोपटीपुढं जाऊन सांगत सुटले, "आमची मुकी बोलली!"

वाटेवर पहारा होता. पहाऱ्याचा शिपाई मोठ्या मिशांचा. साथीच्या भीतीनं कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही. एकदा त्यानं मामंजींना अडवायला हात आडवा केला. मामंजींनी तो हात धरला, बोटं जुळवून दाबून पाहिली आणि मायेनं म्हणाले, "लाजती कावून, बाई? डोळे मीट. दुखायचं न्हाई."

"छोड बे बुढ्ढे!" शिपाई किंचाळला.

त्या दिवसापासून मामंजी दिसले की तो दोन्ही हात काखेत घालून उभा राहायचा.

पुढचा किस्सा हसण्याचा नाही. माझी नणंद, आम्ही तिला अक्का म्हणतो, तिचा नवरा त्याच तापात गेला. काकणं फोडलेल्या मोकळ्या हातांनी ती आमच्या खोपटीत आली. मामंजींना सांगितलं, तर लेकरासारखे रडले. दुपारी विचारलं, "जावईबापू आले न्हाईत?" पुन्हा सांगितलं. पुन्हा तेवढेच रडले. संध्याकाळी तेच.

तेव्हा सासूबाईंनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि आम्हाला म्हणाल्या, "बास. येकाच मरणापायी ह्यांना किती बार रडवायचं? आजपासून जावई बाजाराला गेल्यात."

तेव्हापासून जावई बाजारात. पण मामंजी माणसं विसरले तरी हात विसरत नव्हते. अक्का त्यांच्यासमोर आली की हात पदराखाली घ्यायची. भाकरी वाढायचं कामसुद्धा माझ्याकडे आलं.

साथ ओसरली, घरी आलो. तर मामंजी दारातच अडून बसले. "हे आपलं घर न्हाई. मला घरी न्या." ह्यांनी त्यांचा हात धरला, मारुतीच्या देवळाला वळसा घालून त्याच दारात परत आणलं. "हां! आता आलो!" आत बसल्यावर मामंजी लेकाला म्हणाले, "लई उपकार झाले, पाव्हणं. तुमच्या बापानं वळण चांगलं लावलंय."

हे गोठ्यात गेले. बराच वेळ आलेच नाहीत.

बांगड्यांची टोपली सासूबाईंनी कणगीमागं दडवली होती. एका दुपारी मामंजींना ती सापडली. अक्का पीठ मळत होती, दोन्ही हात उघडे.

"हात मोकळा कावून गं?"

मामंजी समोर बसले. टोपलीतला हिरवा चुडा काढला. सासूबाई माजघराच्या उंबऱ्यात, तोंडावर पदर. शेजारच्या ओट्यावर बायका बसलेल्या. विधवेच्या हातात हिरवा चुडा दिसला असता, तर त्यांनी अक्काला जगू दिलं नसतं. मला दुसरं काही सुचलं नाही. मी दार लावलं.

अक्कानं हात मागं घेतला नाही. मामंजींची बोटं कशी चालत होती! एकही काकण तडकलं नाही. भरून झाल्यावर बायका कासाराला वाकून नमस्कार करतात, तशी ती वाकली.

"जावईबापूला सांग," मामंजी म्हणाले, "अंधाराच्या आत ये म्हणावं."

"सांगते, दादा."

मामंजींचा डोळा लागला, तेव्हा अक्का अंगणातला दगड घ्यायला उठली. सासूबाईंनी तिला खाली बसवलं. तेल लावून एकेक काकण उतरवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, तशी टोपली दुसरीकडे दडवायला मी कणगीमागं गेले. टोपली तिथं नव्हती. मामंजींच्या बैठकीपाशी ठेवलेली होती. तोच हिरवा चुडा सगळ्यात वर, शेजारी तेलाची वाटी.

आणि सासूबाई दाराला कडी घालत होत्या.