भिंतींना धडका मारायची नोकरी

लग्नात, बारशात, कुठंही कुणी भेटलं की पहिला प्रश्न एकच, "सध्या काय करतेस?" मी खरं उत्तर देते. समोरचा मान हलवतो, पण त्याला काहीही कळलेलं नसतं. मग तो स्वतःच्या मनानं काहीतरी ठरवून टाकतो आणि तिथं एक किस्सा तयार होतो. दीड वर्षात असे इतके साचलेत, की आता मलाच नीट सांगता येत नाही मी काय करते ते! म्हणून सरळ किस्सेच सांगते.

* * *

बी.एस्सी. कॉम्प्युटर झाल्यावर महिनाभरात कुसगावातल्या एका गेम कंपनीचा मेल आला, इंटरव्ह्यूला या. सुदुंबऱ्याहून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडीवर वडगाव स्टेशनला सोडलं. लोणावळ्याला उतरून रिक्षा केली. पत्त्यावर पाहते तर चक्क बंगला. पुढं झोपाळा, मागं आंब्याचं झाड. बोर्ड वगैरे काही नाही.

गेटवरच्या भाऊंनी विचारलं, "कितीजण हायत?"

"एकटीच."

त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "बरं. पवायचे कपडे आनल्यात का?"

मला वाटलं, गेमिंगचं क्षेत्र आहे, असेल काहीतरी पद्धत. मी घाबरत म्हटलं, "मेलमध्ये फक्त रेझ्युमे लिहिलं होतं!"

भाऊ शेजारचा बंगला पर्यटकांना देत. आमचा ऑफिसवाला बंगलाही आधी तसाच होता, त्यामुळे त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण आत गेल्यावर समीर सरांनी, म्हणजे मालकांनी, "पाणी?" असं विचारलं आणि मी जोरात "नको!" म्हणाले, त्याचं कारण त्यांना अजून माहीत नाही.

* * *

नोकरी लागली. पद टेस्टरचं. सहा महिने बघणार, मग कायम करायचं की नाही ते ठरणार. पहिल्या दिवशी मी नवी वही, दोन पेनं घेऊन बसले. सरांनी स्क्रीनवर गेममधलं एक गाव उघडून दिलं.

"यातल्या प्रत्येक भिंतीला धडक."

"सर?"

"धडक. सगळ्या घरांच्या, सगळ्या बाजूंनी. जिथून आरपार जाशील तिथलं लिहून ठेव."

सकाळी दहा ते संध्याकाळी सहा मी धडकत होते. संध्याकाळी गाडीवर अण्णांनी विचारलं, "काय केलं गं आज?"

"भिंतींना धडका मारल्या."

"कुनी सांगितलं?"

"सायबांनी."

अण्णांनी आरशातून एकदा माझ्या कपाळाकडं पाहिलं. घराच्या वळणावर गाडी हळू करून म्हणाले, "लागलं तर न्हाई ना?"

* * *

तिसऱ्या दिवशी एका गोठ्याच्या भिंतीतून मी आरपार गेले आणि थेट जमिनीखाली पडले. वर सगळं गाव उलटं दिसतंय, खाली निळं शून्य. मला वाटलं मीच काहीतरी बिघडवलं. रडवेल्या आवाजात सरांना सांगितलं. सर उठून टाळ्या वाजवायला लागले. "शाब्बास! पहिला बग!"

मी खूश होऊन मागं वळले, तर गोठा बनवणारा ओंकार डोकं धरून बसलेला. तो म्हणाला, "माझा शनिवार दुरुस्तीत गेला." आता आनंद मानायचा की माफी मागायची? मी दोन्ही केलं. ओंकारला दोन्ही आवडलं नाही.

* * *

गावात आईनं सांगितलं, पोरगी टेस्टिंगला आहे. रविवारी सकाळी शेजारच्या गंगूमावशी दारात हजर, हातात पिशवी, पिशवीत रिपोर्ट.

"बग गं, साकर किती हाय?"

"मावशी, मी गेमची टेस्ट करते. मोबाइलवरचा गेम असतो ना, त्यातल्या चुका शोधते."

"व्हय व्हय." मावशींनी सगळं समजल्यासारखी मान हलवली. "मग ह्यातली चूक शोद. मी गोड खातच न्हाई!"

* * *

वडगावला एका दाखल्यासाठी अर्ज करायचा होता. झेरॉक्सच्या दुकानातले भाऊ फॉर्म भरून देतात. व्यवसायाच्या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं.

"नेमकं काय करता?"

"गेम."

"खेळता?"

"खेळते, पण मजा म्हणून नाही. तेच तेच दिवसभर. बिघडेपर्यंत."

त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'खेळाडू'. दाखला घरी आला. अण्णांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. आता पाहुण्यांना तोच दाखवतात!

* * *

सहावा महिना आला. एका मोठ्या कंपनीला आमचा गेम दाखवायचा होता. त्यांनी घेतला तर ठीक, नाहीतर सगळ्यांनीच दुसरीकडं बघायचं. गेममध्ये एक शेतकरी आणि त्याचा बैल. सर म्हणाले, "घरच्यांना दाखवून आण, काय म्हणतात बघू."

अण्णांनी शेतकऱ्याकडं पाहिलंच नाही. बसलेला बैल उठला आणि ते म्हणाले, "ह्यो घोडा हाय."

"अण्णा, शिंगं आहेत त्याला."

"आसूदे. घोडा आदी पुडचं पाय टाकून उटतो. बैल आदी मागनं उटतो, पुडचं गुडगं टेकून. कातडं बैलाचं हाय, आत घोडा हाय."

मी तो बग लिहिला. ओंकार चिडला. त्यानं खरंच घोड्याचा तयार सांगाडा हालचालींसकट वापरला होता! "कुणाला कळणार आहे?" तो म्हणाला.

सर म्हणाले, "अण्णांना कळलं."

आता ओंकारला बघून करायला उठणाऱ्या बैलाचा व्हिडिओ हवा. आमचा घरचा बैल मी फोन काढला की बसूनच राही, खिशात ठेवला की उठे. असे दोन रविवार गेले. डेमो बुधवारी. सोमवारी अण्णा म्हणाले, "चल, मीच दावतो."

कुसगावच्या ऑफिसच्या हॉलमध्ये अण्णांनी टोपी काढून खिडकीत ठेवली आणि सतरंजीवर गुडघे दुमडून बसले. मग मागचं अंग वर, पुढच्या गुडघ्यांऐवजी कोपरं टेकलेली, मान खाली, एक झटका आणि एकेक हात सरळ! ओंकार दोन्ही बाजूंनी चित्रण करत होता. "अण्णा, परत एकदा, जरा हळू."

आठव्या वेळी अण्णा तसेच ओणवे राहून म्हणाले, "पोरा, बैलबी येवड्यांदा उटत न्हाई!"

बुधवारी कॉलवर त्या कंपनीच्या बाई बाकी सगळं शांतपणे बघत होत्या. बैल उठला तेव्हा म्हणाल्या, "हे पुन्हा दाखवा." तीनदा दाखवलं. त्यांनी गेम घेतला आणि मी कायम झाले.

गेम बाहेर आला त्या दिवशी मी घरी लॅपटॉपवर गेमच्या शेवटची, बनवणाऱ्यांची नावं लावली. माझं नाव गेलं, सगळ्यांनी मान डोलावली. मग खालून हळूहळू वर आलं: 'बैल — सोपानअण्णा, सुदुंबरे'.

अण्णा छाती काढून बसले. आईनं चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली आणि माझ्याकडं वळून विचारलं, "हे बैल हायत ते तुमच्या सायबाला कुनी सांगितलं गं?"