रुखवत कुणी केलं?

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. सकाळचे दहा वाजले असतील. दिरांचा आवाज इतका शांत होता की मला वाटलं, पाण्याच्या टाकीबद्दल काहीतरी सांगतायत. "वहिनी, शैला गेली," एवढंच म्हणाले. दोन दिवसांपूर्वी छातीत दुखतंय म्हणून तिला दवाखान्यात नेलं होतं, हे मला माहीत होतं. ती खालच्या मजल्यावर, मी वरच्या, बातमी यायला वेळ लागत नाही. पण मी भेटायला गेले नव्हते. आम्हा दोघी जावांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. अशा वेळी म्हणे हातपाय गळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. मला राग आला. खरं सांगते, पहिल्यांदा आला तो रागच. भांडण अर्ध्यावर टाकून ही निघून गेली कशी? आता मी अबोला कुणाशी धरायचा?

तिसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, 'मनमिळाऊ, सोशिक, गृहकृत्यदक्ष'. मी पेपर टीपॉयवर आपटला. बत्तीस वर्षं मी तिची मोठी जाऊ होते. ती मनमिळाऊ नव्हती. सोशिक तर मुळीच नव्हती. आणि गृहकृत्यदक्ष म्हणाल, तर तिच्या ओट्यावर कुकरच्या शेजारी गोंदाचा डबा असायचा आणि आमटीत कधीमधी चमकी सापडायची. जे ती खरोखर होती, म्हणजे रुखवत करून विकणारी बाई, त्याचा मात्र त्या चार ओळींत पत्ता नव्हता.

ती घोटीची. वडिलांची भातगिरणी होती. तिच्या लग्नात मी वरपक्षाची थोरली सून म्हणून रुखवताच्या टेबलाभोवती मिरवत होते. सुपारीचे भटजी, सजवलेले नारळ, खणाच्या बाहुल्या, मोत्यांचं तुळशी वृंदावन आणि मधोमध अख्ख्या तांदळाच्या दाण्यांचा गणपती. एकेक दाणा उभा लावलेला. सगळ्या बायका 'नवरीने केलंय, नवरीने केलंय' म्हणत होत्या. असं म्हणायचीच पद्धत असते. माझं रुखवत माझ्या मावशीने केलं होतं आणि माझ्या लग्नातही हेच म्हटलं गेलं होतं. म्हणून मी जरा खोचकपणे मुंडावळ्या बांधलेल्या त्या मुलीला विचारलं, "खरंच तू केलंस का गं?" तिने मान वर केली. "हो. तुमचं कुणी केलं होतं?" सासूबाई शेजारी उभ्या होत्या... आमचं जे बिनसलं ते तिथून.

धंदा सुरू झाला तो तळमजल्यावरच्या शेजारणीमुळे. तिच्या मुलीला नोकरीतून सवड नव्हती. "शैला, तेवढं सप्तपदीचं बघशील का?" शैलाने सप्तपदी केली, शिवाय झालीच्या विधीला डोक्यावर धरायची दिव्यांची टोपलीही केली. मग नाशिक रोडच्या कॉलन्यांमधून एकेक आई यायला लागली. सगळ्यांच्या मुली पुण्याला संगणकापुढे बसलेल्या, सुपारीला धोतर कोण नेसवणार? बघता बघता दिरांच्या घरातली बाहेरची खोली हातची गेली. सोफ्यावर नारळ वाळत ठेवलेले, टीव्हीवर बाहुल्या. पाहुण्याने बसायचं कुठे? शैला खिडकीशी मांडी घालून परातीत घोटीचा तांदूळ निवडत बसायची. न तुटलेला दाणा वेगळा, कणी वेगळी. अख्खे दाणे हळदीत नाहीतर कुंकवात रंगवून गणपतीला जायचे आणि कण्यांची पेज घरच्यांना. दीर बिचारे वर्षानुवर्षं पेज प्यायले. गिऱ्हाइकांशी ती गोड बोलायची म्हणाल तर तेही नाही. एकीने आठवं पाऊल जास्तीचं मागितलं, शोभेला म्हणून. शैला म्हणाली, "सप्तपदी आहे ती. जिना हवा असेल तर गवंडी बघा."

पण एका गोष्टीपुढे तिची ही जीभसुद्धा चालत नसे. रुखवत बांधून झालं की प्रत्येक आई आवाज खाली आणून तेच म्हणायची, "फक्त कुठे बोलू नका हं. मुलीनेच केलंय असं सांगितलंय." शैला त्या लग्नांना जायची. आपण केलेल्या टेबलापुढे पाहुण्यांसारखी उभी राहायची, नवरीचं कौतुक ऐकायची आणि घरी येऊन भांडी आदळायची. वर मला सगळं ऐकू यायचं. मग तिने एक छोटी पाटी करून घेतली, 'रुखवत : शैला, नाशिक रोड'. प्रत्येक रुखवतात ती ठेवायची आणि कार्यालयात पोचेपर्यंत ती पाटी हरवलेली असायची.

शेवटी ती माझ्याकडे आली. मी तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी होते. फाटकावर वीतभर पाटी लावायची परवानगी हवी होती तिला. मी म्हटलं, नियमात बसत नाही.

"दातांच्या डॉक्टरांची बसते?"

"ते डॉक्टर आहेत, शैला."

"आणि मी?"

"तू हौस म्हणून करतेस."

तिने ती पाटी स्वतःच्या बाल्कनीच्या जाळीला बांधली. मी वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर, सोसायटीच्या शिक्क्यानिशी, रीतसर नोटीस पाठवली. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा मात्र शिक्का मारताना बरं वाटलं होतं, तेही लिहायला हवं.

मग माझ्या मधुराचं लग्न ठरलं. पंचवटीतलं उपाध्यायांचं घर, सोवळंओवळं पाळणारं. मधुरा पुण्यात नोकरीला. मला जिना उतरून खाली जावंच लागलं. शैला तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "करते ना. माझी पुतणी आहे. पण टेबलावर माझी पाटी लागेल." मी म्हटलं, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरीही ती तीन महिने राबली. काय केलं नव्हतं तिने? गोदाघाट केला होता, पायऱ्यांसकट, वरती इवल्या इवल्या छत्र्या आणि छत्रीखाली सुपारीचे भटजी. व्याह्यांकडे बघून मुद्दाम केलेला. लग्नाच्या दिवशी सकाळी तिने टेबल मांडलं, पुढे पाटी ठेवली आणि साडी बदलायला गेली. मी पाटी उचलून माझ्या पर्समध्ये टाकली.

विहीणबाई आल्या त्या घाटाजवळच थबकल्या. "अगंबाई! हे मधुराने केलं?" मी म्हटलं, "हो ना. सुट्टीच्या दिवशी घरी आली की बसायची करत." तोवर शैला हळदीकुंकवाचं तबक घेऊन मागे येऊन उभी राहिली होती. रागावली की तिची घोटीची बोली बाहेर पडायची. "मधुराने? तिला सुईत दोरा ओवता येत नाय. माझं हाय हे सगळं. लय ऐकून घेतलं मी, आता नाय." असं म्हणून तिने विहीणबाईंना कुंकू लावलं आणि ब्लाउजमधून आपलं कार्ड काढून त्यांच्या हातात ठेवलं. फोटोवाला फोटो काढतच होता. माझा चेहरा त्यात कसा आलाय ते मी अजून बघितलेलं नाही. तो अल्बम मी उघडत नाही.

त्याच संध्याकाळी मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. माझ्या मुलीच्या संसाराला पहिल्या दिवशी नख लावलंस, असं काय काय बोलले. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "वहिनी, चार लोकांत एकदा म्हणा, शैलाने केलं म्हणून. फक्त एकदा. परत पाटीचं नाव काढणार नाही." मी तसं म्हटलं नाही. अबोला सुरू झाला... आणि मधुराच्या संसाराला काय झालं? काहीही नाही. आठ दिवसांनी तीच मला म्हणाली, "आई, मी सांगणारच होते त्यांना. तुलाच कशाला एवढी घाई होती?"

त्या लग्नानंतर शैलाने सगळ्या गिऱ्हाइकांना सरळ अट घातली. पाटी लागेल, नसेल चालत तर दुसरीकडे जा. वर्षभर बायका फिरकल्या नाहीत. मला आतून बरं वाटत होतं. पुढच्या वर्षी मधुराच्या नणंदेचं लग्न निघालं आणि माझ्याच विहीणबाईंनी रुखवत शैलाकडून करून घेतलं. टेबलाच्या मधोमध पाटी आणि विहीणबाई बायकांना हाताला धरून आणून दाखवतायत, "या शैलाताई. आमच्या सुनेच्या काकू." मी कोपऱ्यातून निघून जायला बघत होते. तेवढ्यात शैला माझ्याकडे वळली. "वहिनी, पाटी वाकडी झालीय का बघा जरा." सहा वर्षांत ती माझ्याशी एवढं एकच वाक्य बोलली. मी न बघता चालू लागले. पाटी वाकडीच होती.

मला तिचा हेवा वाटायचा. तीस वर्षं शाळेच्या कचेरीत मी कारकुनी केली. निवृत्तीला शाल आणि नारळ मिळाला, आणि आता त्या शाळेत मला कुणी ओळखतही नाही. ही परातीपुढे बसून राहिली आणि सिन्नरपासून दिंडोरीपर्यंतच्या लग्नांत हिचं नाव टेबलावर. मत्सर म्हणतात त्याला, दुसरं काही नाही.

दहाव्यापर्यंत बायका भेटायला येत होत्या. मीच चहा करत होते, थोरली ना मी! एक बाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "हाताला काय कला होती हो शैलाच्या!" पाटी हरवणाऱ्यांतल्या या पहिल्या. मी कप त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "तुमच्या मुलीच्या लग्नात रुखवत कुणी केलं होतं हो?" दीर म्हणाले, "वहिनी, असू द्या." का असू द्यायचं? त्या बाई चहा अर्धा टाकून गेल्या. त्यांना बोलायचा मला काय अधिकार होता, हेही मला समजतं. म्हणून इथे लिहिते. माझ्या मधुराच्या लग्नातलं रुखवत शैलाने केलं. सगळंच्या सगळं, एकटीने. ती वाचणार नाही, पण चार लोक वाचतील.

दिवसकार्य झालं आणि दीर तिचा मोबाइल घेऊन वर आले. म्हणाले, "लोक शैलाताई आहेत का विचारतात. मला नाही ऐकवत. तुम्ही ठेवा." तेव्हापासून तो माझ्या ओट्यावर असतो. त्याच्या कव्हरच्या कडेला गोंद वाळून बसलाय, तो मी नखाने काढलेला नाही. लग्नसराई आहे, दिवसातून तीनचारदा वाजतो. मी म्हणते, "त्या घरी नाहीत." पुढचं काही म्हणत नाही. समोरचीही ठेवून देते.

गेल्या आठवड्यात ओझरहून एका बाईंचा फोन आला. मुलीचं लग्न, रुखवत हवंय, गोदाघाटाचं कुणाकडे तरी बघितलंय. मी 'त्या घरी नाहीत' म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "फक्त ते नाव कुठे नको हं ताई. मुलीनेच केलंय असं सांगायचंय." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, नाव लागेल. टेबलाच्या मधोमध लागेल, मोठ्या अक्षरात लागेल. तीन तीन महिने एक बाई मान मोडून दाणे लावते आणि तुम्ही तिचं नाव पर्समध्ये कोंबता? चालत नसेल तर दुसरीकडे जा. असं म्हणून मी फोन आपटला. बऱ्याच दिवसांनी मला मोकळं वाटलं. गॅस बारीक केला, डाळ ढवळली... आणि मग लक्षात आलं की अट तर मी घातली, पण करणार कोण?

पाच मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. त्याच बाई. आवाज नरमलेला.

"ताई, रागावू नका. बरोबर आहे तुमचं. नाव असू द्या, पाटी पण लावू. कधी येऊ न्यायला?"