परक्याचं रक्त

पोरीला पहिली पाळी आली आणि थांबेचना, तेव्हा मी आमच्या कुलदैवताचं, नाथाचं नाव घेणं सोडलं. लहानपणापासून तिचा घोळणा फुटायचा, जरा कुठं आपटली की अंग काळंनिळं व्हायचं. उष्णता म्हणून आम्ही सब्जा पाजत बसलो. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, रक्त गोठवणाऱ्या पेशी हिच्यात पुरेशा आहेत, पण त्या एकमेकींना धरत नाहीत. जन्माचंच आहे. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशी दोन्ही जनुकं बिघडलेली आली की असं होतं. मग त्यांनी विचारलं, "लग्न नात्यात झालंय का?"

झालंय. माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. म्हसवडच्या सिद्धनाथाचा कौल घेऊनच तिनं मला सून करून नेलं. "आपलं रगात आपल्याच घरात," असं ती चारचौघींत मिरवायची, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते गोड वाटायचं. देवानं उजवा कौल दिला होता. मग हे काय पदरात घातलं? पोर पांढरीफटक पडली होती आणि मी मनातल्या मनात देवाला शिव्या घालत होते.

बाहेरच्या पेशी भरायचं ठरलं. भावकी जीप भरून आली, पण घरच्यांच्या नकोत, असं बाईंनी सांगितलं. तोच दोष त्यांच्यातही असू शकतो. एवढा गोतावळा दारात उभा आणि एकाचाही उपयोग नाही. मी बाकावर बसून हमसून रडले. बायकोला दाखवायला आलेला एक माणूस शेजारी बसून ऐकत होता.

"आवं ताई, रडू नगासा. माजं चालतंय का बगा की."

तपासलं, तर चाललं. तो आत जायला उठला तेव्हा त्याच्या कानामागं गुलाल दिसला. "म्हसवडच्या रथाला गेलतो," तो म्हणाला. हात आपोआप जोडले गेले.

संध्याकाळी रक्त थांबलं. आजार गेलेला नाही, जाणारही नाही. पाळी रोखायच्या गोळ्या चालू आहेत आणि माझा प्रत्येक दिवस भीतीनंच उजाडतो. नाथाला मी आता काही मागत नाही. पोर तुझी, सांभाळ, एवढंच म्हणते. त्या माणसाचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

"कुणापैकी तुमी?" अशी जात विचारल्याशिवाय परक्याच्या हातचं पाणीही न घेणारी आमची आत्या त्या दिवशी त्याच्या पाया पडली. त्याचं नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. आत्यानं मात्र मुद्दामच विचारलं नाही.