सुभेदारांच्या टोमॅटोचं बी

परसात टोमॅटो लावलेत कधी? मग तुम्हाला ठाऊक असेल. महिनाभर एक फळ लाल होत नाही, आपण रोज जाऊन बोटानं दाबून बघतो, आणि मग एका आठवड्यात सगळी पिकतात. इतकी, की शेजारीण आपल्याला बघून दार लावून घेते! आमच्या कॉलनीतल्या गोष्टींचं तसंच आहे. वर्षभर कुणाला काही आठवत नाही. पण चार जणी जमल्या आणि कुणी नुसतं "सुभेदार" म्हटलं, की दुपार संपते, गोष्टी संपत नाहीत.

कॉलनी साताऱ्याची, गोडोलीच्या पुढची. नव्वदीच्या सुरुवातीला नुकतीच झालेली. छोटी घरं आणि प्रत्येकाच्या मागं चार वाफे मावतील एवढी जागा. मी शाळेत शिकवायची, आमचे हे बँकेत. आणि आमच्या कुंपणाला लागून सुभेदार निकम. सगळे त्यांना आबा म्हणत. फौजेतून रिटायर होऊन आले ते बायको, मुलगी, एक काळी ट्रंक आणि टोमॅटोचं बी घेऊन. बी पठाणकोटला मेसच्या आचाऱ्यानं दिलेलं. आणि काय टोमॅटो होता हो तो! भोपळ्यासारख्या पाच वळ्या, देठाशी हिरवी टोपी, आणि चव अशी की मीठ लावायला हात जात नसे. सुभेदारांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'पलटण'.

पलटण मागितला तर सुभेदार कधी नाही म्हणत नसत. पाटीभर द्यायचे. फक्त आतलं बी काढून!

खोटं नाही सांगत. देठाकडून गोल कापायचे, चमच्यानं आतलं सगळं कोरून घ्यायचे आणि टोपी परत जागेवर बसवून टोमॅटो हातात द्यायचे. उद्देश एकच, दुसऱ्या कुणाच्या वाफ्यात पलटण उगवता कामा नये. कॉलनीतल्या आम्ही बायका भरल्या टोमॅटोची भाजी करून करून वैतागलो. एकदा मी चिडून म्हटलंच, "आबा, एक तरी अख्खा द्या की!"

सुभेदार म्हणाले, "आवं बाई, जवान सुट्टीवर जातो तवा रायफल जमा करूनच जातो न्हवं?"

*

आता आमच्या घरचं ऐका. माझे सासरे, नाना, मूळचे वाईचे. त्यांच्या घरात टोमॅटो वर्ज्य! तांबडा असतो, कापला की मांसासारखा दिसतो, म्हणून स्वयंपाकघरात यायचा नाही. आणि मी माहेरी टोमॅटोचं सार वाट्या-वाट्या पिऊन वाढलेली. करणार काय? शेवटी पाचगणीच्या एका शाळेतल्या माळ्यानं मला पिवळ्या टोमॅटोची रोपं दिली. फळ आलं, तसं ताटलीत घालून नानांपुढं ठेवलं.

नानांनी चष्मा लावून बघितलं. "पिवळा आहे," म्हणाले. "पिवळा चालेल."

झालं! आमटीत पिवळा, कोशिंबिरीत पिवळा. नाना खुशीत जेवायचे. मग एका वर्षी झाडांवर चुरडा पडला, पानं गोळा झाली आणि पिवळा गेला. नाना आमटीत पळी घालून काहीतरी शोधायला लागले. मी म्हटलं, "नाना, पिवळा संपला. आता नुसती चिंच."

नानांनी इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "तांबडा आण. स्टँडजवळच्या हॉटेलात मिसळीत तोच घालतात. खरं सांगू का सूनबाई, तुझा पिवळा जरा अळणीच होता."

मी विचारलं, "हॉटेलात कधीपासून जाता?"

"तुझं लग्न व्हायच्या आधीपासून!"

*

आमच्या ह्यांचा मात्र पाकिटावरच्या फोटोवर विश्वास. मार्केट यार्डात जायचे, सगळी पाकिटं बघायचे आणि ज्याच्यावरचा टोमॅटो सगळ्यात मोठा, ते आणायचे. रिकामं पाकीट काडीला अडकवून वाफ्यात उभं करायचे, म्हणजे झाडाला कळावं काय करायचंय ते. त्या वर्षी फळं आली गोट्यांएवढी. हे एक फळ आणि पाकीट घेऊन तावातावानं दुकानात गेले.

"हा फोटो बघा आणि हे फळ बघा!"

दुकानदार शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्या लग्नातला फोटो काढून बगा. आन् मग आरशात बगा."

हे घरी आले ते ठरवूनच. आता लावायचा तर पलटणच!

*

बी मिळवायचं कसं? सुभेदारांच्या घरी सत्यनारायण होता. जेवायला कोशिंबीर होती पलटणची. बी काढलेलं असलं तरी थोडंफार चिकटून राहतंच. ह्यांनी अख्खी वाटी कोशिंबीर तोंडात घेतली, गाळ ठेवला गालात आणि बसले गप्प. सुभेदार वाढायला समोर उभे. "काय साहेब, आज बोलंना झालासा?"

"म्म," हे म्हणाले.

"ताक घ्या."

"म्म-म्म." हे हात हलवत उठले आणि गाल धरून घरी पळाले. दाढ दुखतेय असं मी सगळ्यांना सांगितलं.

वाफ्यात रोपं आली! हे बँकेत जायच्या आधी पाणी, आल्यावर पाणी. फुलं आली ती पांढरी. मी म्हटलं, "अहो, टोमॅटोचं फूल पिवळं असतं."

"ही मिलिटरीची जात आहे," हे म्हणाले. "तुला नाही कळायचं."

मग त्याला मिरच्या लागल्या.

कुंपणावरून सुभेदार म्हणाले, "कोशिंबिरीतली मिरचीबी आमच्या घरचीच हाय बरं का साहेब. लय तिखट न्हाई. जपा!"

*

एकदा तर पलटण टीव्हीवर चढला. गच्चीतल्या पिंपात लावलेली एक वेल हात-हात वाढत गेली आणि सुभेदारांनी ती सरळ अँटेनाला बांधली. रविवारी मॅच. सगळी कॉलनी सुभेदारांच्या रंगीत टीव्हीपुढं, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या! हे गच्चीत चढले. एक टोमॅटो तोडला की चित्र थोडं साफ व्हायचं. खालून सगळे ओरडायचे, "अजून एक! आला, आला, बोलर आला!" सुभेदार चमचा घेऊन जिन्यातच उभे, तोडलेला प्रत्येक टोमॅटो तिथंच कोरायला. शेवटी वर एकच हिरवा राहिला आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका.

"ऱ्हाऊ द्या तेवढा," सुभेदार म्हणाले. "त्येच्यामागं फकस्त अंपायर हाय."

*

पण खरी गोष्ट पुढंच. सुभेदारांची मुलगी मंगल लग्नाची झाली. गुणी पोर, माझ्या शाळेत नुकतीच लागलेली. सांगलीकडचं स्थळ आलं, आष्ट्याजवळचं. घरचा ऊस, मुलगा विलास साखर कारखान्यात केमिस्ट. त्याचे वडील बापू, डोक्याला हा एवढा मोठा पांढरा फेटा आणि भाजीपाल्याचा भलता नाद. वहिनींनी, म्हणजे मंगलच्या आईनं, मला मदतीला बोलावलं होतं.

पोहे आले. बशीत पलटणची एक-एक फोड. बापूंनी फोड तोंडात टाकली आणि बशी खाली ठेवली.

"सुभेदार, ह्ये काय हाय?"

झालं! दोघं उठून परसात गेले ते गेलेच. मुलगी बघायचा कार्यक्रम राहिला बाजूला. विलास आणि मंगल समोरासमोर. मग विलासनं विचारलं, "तुम्हाला टोमॅटो आवडतात?"

मंगल म्हणाली, "शपथ, वीट आलाय."

"मलापण," तो म्हणाला, आणि दोघं असे काही हसले की मी मनात म्हटलं, जमलं!

तेवढ्यात बापू परत आले. "पोरगी पसंत हाय. हुंडा नको, मानपान नको. निस्तं ह्या टमाट्याचं बी द्या."

सुभेदार ताठ उभे राहिले. "पोरगी देतो. बी द्यायाचं न्हाई."

"मग ऱ्हाऊ द्या!" बापूंनी चपला घातल्या.

मंगल ट्रे घेऊन दारात उभी, डोळ्यांत पाणी. एवढं चांगलं स्थळ, दोघांची मनं जुळलेली, आणि मोडतंय कशावरून, तर बियांवरून! मला सुभेदारांचा असा राग आला होता. वहिनी मात्र शांत. बापूंच्या बायकोला म्हणाल्या, "आवं, कुंकू तरी लावून जावा." दोघी आत गेल्या. बाहेर आल्यावर बापूंची बायको बापूंच्या कानात काहीतरी बोलली. बापूंनी चपला काढल्या आणि परत बसले.

"ठरलं म्हणा. बियाचं ऱ्हाऊ द्या."

सुभेदार मला हळूच म्हणाले, "बघितलं बाई? शत्रूनं माघार घेतली!"

*

त्यांना तरी झोप कुठली? व्याही बी चोरणार, असं त्यांच्या डोक्यात बसलं. बियांना हळद चोळून त्यांनी पुडी बांधली आणि रोज जागा बदलायला लागले. आधी ट्रंक, मग देव्हारा, मग गादी. शेवटी जागा सापडली अशी की कुणाच्या बापाला कळायची नाही. तांदळाचा डबा! ते फक्त त्यांना आणि वहिनींना ठाऊक. हे सगळं आम्हाला कळलं ते अर्थातच नंतर.

लग्न वैशाखात. कार्यालय भरलेलं, अंतरपाट धरलेला. पहिली मंगलाष्टका संपली, अक्षता पडल्या. सुभेदारांच्या कोटाच्या बाहीला काहीतरी पिवळं चिकटलं. त्यांनी ते बोटावर घेतलं, डोळ्याजवळ नेलं आणि ओरडले, "थांबा!"

भटजी थांबले, बँड थांबला. सगळ्यांना वाटलं, आता हे लग्न मोडतात! अंतरपाटाआडून मंगलचा हुंदका ऐकू आला.

"कुणी टाकू नका! मुठी झाका!"

"सुभेदार, मुहूर्त टळतोय," भटजी म्हणाले.

मागून वहिनींचा आवाज आला, "चालू द्या भटजी. त्यास्नी ऊन लागलंय."

आणि सगळ्या कार्यालयानं मुठी मोकळ्या केल्या.

टोमॅटोच्या बियाला बारीक लव असते, कापडाला चिकटलं की सुटत नाही. आणि त्या मांडवात डोक्यावर सगळ्यात जास्त कापड कुणाच्या? बापूंच्या! घामानं भिजलेल्या फेट्यावर पलटण उतरली होती.

"व्याही, मान हलवू नका!" सुभेदार म्हणाले.

"छ्या! कशाला हलवतोय?" बापू म्हणाले, आणि डोळे मिटून, हात जोडून उभे राहिले ते खांबासारखे.

त्या लग्नाची कॅसेट अजून आहे. मंगलाष्टका चालल्यात, नवरा-नवरी लाजतायत, आणि मुलीचा बाप पाहुण्यांच्या पायांतून रांगतोय. पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते. सुभेदारही रडत होते, पण नजर फेट्यावर. बापू जीपमध्ये बसले आणि त्या वैशाखाच्या उन्हात त्यांनी सगळे पडदे लावून घेतले, वाऱ्यानं काही उडू नये म्हणून!

"पुडी तांदळात सुटली कशी?" सुभेदारांनी घरी आल्यावर विचारलं.

"उसवली असंल," वहिनी म्हणाल्या. "चा घ्या."

*

मांडवात वेचलेलं बी सुभेदारांनी पावसाळ्यात लावलं. लोकांच्या पायाखाली तुडवलेलं ते, एक उगवलं नाही. त्या वर्षी वाफे मोकळेच राहिले. सुभेदार रोज सकाळी खुरपं घेऊन जायचे, मोकळ्या मातीकडं बघत बसायचे. मुलगी गेली आणि पलटणही गेला. आता मला त्यांचा राग येईना, जीव तुटायचा. आमच्या ह्यांनी कुंपणावरून मिरचीची रोपं देऊ केली, तर त्यांनी ती मुकाट्यानं घेतली! त्यावरून काय ते समजा.

आणि संक्रांत आली. मंगलची पहिली संक्रांत. काळी चंद्रकळा, अंगावर हलव्याचे दागिने, पोर नुसती उजळून गेली होती. मागून विलास एक पाटी घेऊन आला, बापूंनी व्याह्यांसाठी दिलेली. वर पांढरं कापड झाकलेलं. ते फेट्याचं होतं, हे मी लगेच ओळखलं.

सुभेदारांनी कापड काढलं. आत पलटण! पाच वळ्या, हिरवी टोपी. एकही कोरलेला नाही, सगळे अख्खे.

सुभेदारांनी एक उचलला, दोन्ही तळव्यांत धरला. अंगठ्यानं त्याची हिरवी टोपी पुसली.

"बरं हाय न्हवं तिकडं? नीट बघत्यात? येळंवर पाणीबिणी मिळतंय?"

मंगलनं डोळ्यांना पदर लावला. "व्हय आबा. लय जपत्यात सगळी."

"तू थांब गं जरा," सुभेदार म्हणाले. "मी ह्याला इचारतोय."