मंगळवार-शुक्रवारची गाडी

थोरलीला गल्लीत कुणी नावानं हाक मारत नाही. धाकटा भाऊ नोकरीसाठी दूर गेला, बहीण लग्न होऊन गेली, आई वारली. उरले दोघं, ती आणि तिचे बाबा. आता दोघांच्या घरात थोरली कसली नि धाकटी कसली! पण नाव पडलं ते पडलं.

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापड कापते. थरावर थर लावलेलं कापड, वर खडूच्या रेघा आणि हातात विजेवरची कात्री. दिवसभर उभं राहून पाय असे भरून येतात, की घरी आल्यावर चपला काढायचंही जिवावर येतं. पण टेकायला वेळ कुठला? बाबांचं सगळं जागेवरच करायचं असतं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. उभा जन्म लोकांना वरखाली पोचवण्यात गेला आणि दोन वर्षांपूर्वी झटका आला, तो उजवी बाजूच घेऊन गेला. जीभही जड झाली. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी थोरली त्यांच्या पायात बूट चढवते, चाकाच्या खुर्चीत बसवते आणि पलीकडच्या गल्लीतल्या व्यायामाच्या केंद्रात नेते. तिथली बाई त्यांना दोन आडव्या दांड्यांमध्ये उभं करते. भाऊ दर फोनला विचारतो, "चालायला लागले का?" ही दर फोनला सांगते, "लागतील." खरं सांगायचं तर बाबा चालायला हवे होते ते तिला स्वतःसाठीच. आपले आपण उठून संडासला गेले तर हिला एक रात्र सलग झोप मिळेल. एवढाच लोभ. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, पण तिला वाटायचं.

आणि नेमकी तिथंच ती गाडी आडवी यायची.

गाडी शेजारच्या टायवाल्याची. कुठल्याशा कंपनीत विक्रीचं काम बघतो. कितीही उकडत असो, गळ्यात टाय हवाच. माणूस तसा गोड. संध्याकाळी कामावरून आला की बाबांच्या खिडकीशी उभा राहून घटकाभर बोलायचा. बाबा काय बोलणार, हाच बोलायचा. एरवी गाडी समोरच्या भिंतीला लावायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण गेले काही महिने मंगळवार-शुक्रवार उजाडला की गाडी थोरलीच्या फाटकाला चिकटून उभी. अंग चोरून माणूस निघेल एवढी फट. खुर्ची कशी निघणार?

"दादा, गाडी," थोरली त्याच्या दाराशी जाऊन म्हणायची.

"हो हो ताई, दोनच मिनिटं. किल्ली कुठे ठेवलीय बघतो."

त्या दोन मिनिटांत किल्ली सापडायची नाही, मग सापडली तर हा आंघोळीला गेलेला असायचा, आणि गाडी हलेपर्यंत केंद्रातली वेळ टळलेली. खुर्ची पुन्हा आत. बूट काढा, बाबांना पलंगावर घाला, कारखान्यात धावत जा आणि मुकादमाची बोलणी खा. एवढं करून हाती काय, तर शून्य.

तिनं काय म्हणून करायचं बाकी ठेवलं? आधी हात जोडले. मग फाटकावर पाटी लावली. टायवाल्यानं ती उभं राहून नीट वाचली आणि शुक्रवारी तिच्याच पुढ्यात गाडी लावली. मग त्याच्या बायकोला गाठलं. ती "सांगते त्यांना" म्हणाली आणि नजर चुकवून आत गेली. मग एकदा थोरलीनं भर गल्लीत त्याचा नाही नाही तो उद्धार केला. तो मान खाली घालून ऐकत राहिला. एक शब्द उलटून बोलला नाही. आता अशा कोडग्या माणसाचं कुणी काय करावं! शेवटी मात्र डोक्यावरून पाणी गेलं आणि तिनं गाड्या उचलून नेणाऱ्यांना फोन केला.

मंगळवारी ट्रक आला. हुकवाला खाली उतरला, त्यानं पुढच्या चाकांखाली पट्टे सरकवले. टायवाला अर्धवट बांधलेल्या टायनिशी बाहेर आला. थोरलीला वाटलं, आता भांडेल, आणि तिची तयारीही होती. पण तो नुसता उभा राहिला आणि बाबांच्या खिडकीकडे बघू लागला.

खिडकीच्या गजांवर पेला आपटल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, मग येतच राहिला.

थोरली आत धावली. बाबा खुर्चीतून पुढे झुकून, डाव्या हातानं पेला आपटत होते.

"त्याला सोड," ते म्हणाले. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "मीच सांगितलं त्याला. गाडी लाव म्हणून."

"तुम्ही?"

"मंगळवारी. शुक्रवारी. तो नको म्हणत होता. मी हात धरला त्याचा."

थोरली पलंगाच्या कडेवर बसली. राग आला तिला, भयंकर राग. बापाचा आला आणि त्या परक्या माणसाचाही, ज्यानं इतके महिने हिच्या शिव्या खाल्ल्या आणि ताकास तूर लागू दिली नाही.

"मला सांगायचं ना बाबा."

"सांगितलं. किती वेळा. तू 'हो बाबा' म्हणालीस आणि बूट चढवलेस."

आठवलं तिला. नको, नको म्हणायचे ते, आणि ही लहान पोराची समजूत घालावी तशी घालायची. शब्द कानावर पडत होते, पण ऐकायला ती थांबलीच नव्हती.

"तिथं उभं करतात," बाबा म्हणाले. "मी पडतो. परत उभं करतात. त्या बाईला कळलंय. मलाही कळलंय." ते दम खायला थांबले. "मी नाही चालणार आता. दमलो गं मी."

दमले मी, असं थोरलीनं दोन वर्षांत कुणाला म्हटलं नव्हतं. म्हणायचीच सोय नव्हती. तिला रडू आलं. ते बाबांसाठी की गेलेल्या झोपेसाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. बाबांनी पेला मांडीवर ठेवला आणि डावा हात तिच्या पाठीवर ठेवला.

"ताई," बाहेरून हुकवाल्यानं हाक मारली, "उचलायची का गाडी? आमची खोटी होतेय."

थोरली उठून खिडकीशी गेली. टायवाला अजून तिथंच, खाली बघत उभा होता.

"राहू द्या," ती म्हणाली. "आम्हाला कुठं जायचं नाहीये."